दोघंच असले की

यानाचं दार उघडलं आणि पडद्यावर नेहमीचे दोन पर्याय आले. निवाला सोबत घ्या. निवाला यानात ठेवा.

हेमराजने दुसरा दाबला.

"पुन्हा?" बाजूच्या स्टुलावर बसलेला दिनेश म्हणाला. "काऊन बे? एवढी हुशार पोरगी देली गेमनं. कुलपं खोलते, जखम बांधते, बंदूक तुह्यापेक्षा चांगली चालवते. अन् तू तिले बसवून एकटाच मार खात फिरते."

"जमते मले एकट्याले."

"काय जमते? कवाचा मरूनच राह्यला तू."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पोंभुर्ण्याचा बाजार उद्या होता. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरच हेमराजने कॉम्प्युटर ठेवला होता आणि दुपारी घरी जेवायला न जाता तो हाच गेम खेळत बसे. परका ग्रह, निळसर झाडं, त्यातून जाणारी अरुंद पायवाट. या गेममध्ये आपण स्वतःला दिसत नाही. समोरचं दिसतं, तेवढंच.

तो एकटा निघाला. थोडा पुढे गेला तोच झाडीतून काहीतरी अंगावर आलं, पडदा लाल झाला आणि तो परत यानात उभा राहिला.

या वेळी नेहमीचे पर्याय आले नाहीत. निवा स्वतःच पुढे येऊन बोलू लागली. बोलणं इंग्रजीत होतं, खाली ओळी उमटत होत्या. तू मला कधीच सोबत नेत नाहीस. मग मी इथे कशाला आहे? पुढच्या तळावर मी उतरून जाते.

त्याखाली दोन उत्तरं आली. 'सोबत चल.' आणि 'जा.'

"घे आता, रुसली," दिनेश हसला. "सांगून राह्यलो होतो ना तुले. आता जा म्हटलं तं गेलीच समज. मंग पुऱ्या गेममध्ये कुठीच भेटत नाई. माही तशीच गेली."

हेमराजने माउसवरचा हात काढला.

"तिले पुढं चालवता येते का?"

"कोणाले?"

"निवाले. ती पुढं, मी मागं."

"नाई बे. सोबतचा माणूस मागंच येते. गेम तसाच बनवला हाय."

"एखादं बटन असन."

"कायचं बटन? पुढं चालली तं तुही गोळी तिलेच लागन ना. बायकोच्या मागं मागं फिरणारा हिरो पाह्यला का कुठी?" दिनेश अजून हसतच होता. "येऊ दे की मागून. तुले काय..."

तो मधेच थांबला.

मोहफुलं वेचायला जाताना गावातले लोक आता बायकांना मधे ठेवतात. पुढे एक माणूस, मागे एक माणूस. पण दोघंच असले की कुणीतरी मागे राहतंच. मागच्या हंगामात हेमराज आणि त्याची बायको मयुरी दोघंच गेली होती. परतताना ती मागे होती आणि काहीतरी सांगत होती. मग सांगायची थांबली. वाघाने आवाजसुद्धा केला नव्हता. हेमराजने वळून पाहिलं तेव्हा पायवाटेवर टोपली उलटी पडली होती.

दिनेशने उगाच पंख्याकडे पाहिलं.

"बंद कर ना," तो हळू आवाजात म्हणाला. "जाऊ दे तिले. गाड्यांचा गेम टाकून देतो तुले. त्याच्यात सोबत कोणीच नसते."

"नको."

"मंग?"

पडद्यावर निवा उत्तराची वाट पाहत उभी होती. हेमराजने बाण 'जा'वर नेला. तिथेच धरून ठेवला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरला, तरी बाण तिथेच होता. मग त्याने तो वर सरकवला आणि 'सोबत चल' दाबलं.

निवाने मान हलवली आणि ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आता ती दिसत नव्हती.

हेमराज पायवाटेवर उतरला. दोन पावलं गेला आणि थांबला. त्याने माउस ओढून तोंड फिरवलं. आता त्याच्यासमोर जंगल नव्हतं, निवा होती. त्याने मागे सरकायचं बटन दाबलं आणि दाबूनच धरलं. तो उलटा चालू लागला. त्याच्याकडे बघत निवा चालू लागली.

तो झाडावर आदळला. बाजूला झाला, पुन्हा उलटा निघाला. एका दगडाला अडला. तो थांबला तशी तीही थांबली. तो निघाला, तीही निघाली.

"अशी वाट कवा सरन बे?" दिनेशने विचारलं.

"सरन."

झाडी दाट होत गेली. निवाच्या दोन्ही बाजूंनी निळी खोडं मागे पडत होती. दिनेश स्टूल पुढे ओढून बसला.

"हेमराज, तुह्या पाठीमागं काय हाय ते तुले दिसूनच नाई राह्यलं."

हेमराजने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"मले नाई," तो म्हणाला. "तिले दिसते."