दाण्याच्या पेटीत

झाकण पडलं आणि बाहेरची कडी आपोआप कोयंड्यात बसली. तो खटका हिनर्कने आतून ऐकला, पण मनावर घेतला नाही. गुडघे छातीशी घेऊन तो अंधारात बसला होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होता. आता शोधा म्हणावं.

सराव असा होता, की गावाबाहेरच्या जुन्या कोठाराला आग लागली आहे आणि वर माळ्यावर, गवतात, एक माणूस बेशुद्ध पडला आहे. गावच्या युवा अग्निशमन पथकातल्या पोरांनी त्याला बाहेर काढायचं. "तो माणूस मी होईन," असं हिनर्क आपणहून म्हणाला, तेव्हा पथकाची प्रमुख फ्राउके हरखून गेली होती. म्हातारा वळणावर आला म्हणायचा! पण हिनर्क माळ्यावर गेलाच नाही. खाली कोपऱ्यात दाण्याची मोठी लाकडी पेटी होती. उंदीर शिरू नयेत म्हणून तिला आतून गच्च पत्रा मारलेला. तो तिच्यात जाऊन बसला.

सगळा राग गाडीवरून होता. अर्धं आयुष्य त्याने ती बंबगाडी चालवली होती, तिचा पंप पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. नवी गाडी आली, तशी गावाने जुनी पोरांना देऊन टाकायचं ठरवलं. "कशाला? झोके घ्यायला?" तो भर बैठकीत कडाडला. एवढा कडाडला, की शेवटी त्याच्या समाधानासाठी अट घालावी लागली. पहिल्याच सरावात पोरांना माणूस सापडला पाहिजे, आणि फ्राउकेने खूण करेपर्यंत पंप क्षणभरही थांबता कामा नये, कारण पाइप धरून आगीत शिरलेल्यांचा जीव त्या पाण्यावर असतो. यातलं एक जरी चुकलं, तरी गाडी हानोव्हरला संग्रहालयात. तिथे निदान कुणी तिला रोज पुसेल तरी.

गाडी येऊन थांबली, ती कोठाराच्या भिंतीला अगदी लागूनच, कारण तळं त्याच बाजूला होतं. पंप धडधडायला लागला. आज पंपावर टोम्के होती. जेमतेम सोळाची पोर. "तुला इंजिनाचा आवाज तरी कळतो का गं?" असं तो कालच तिला चारचौघांत बोलला होता. आता तो कान टवकारून तिची चूक शोधू लागला. चूक काही सापडेना. पंप एका लयीत चालला होता.

पेटीतली हवा मात्र जड व्हायला लागली. जरा मोकळा श्वास घ्यावा म्हणून हिनर्कने डोक्याने झाकण रेटलं. ते हललं नाही. पाठ लावून पुन्हा रेटलं. मग त्याला तो खटका आठवला आणि त्याच्या पाचावर धारण बसली.

खोट्या धुरातून पोरं रांगत आत आली. "माळ्यावर कुणी नाही!" एकजण ओरडला.

"असं कसं? गवत उपसून बघा!" बाहेरून फ्राउकेचा आवाज आला.

"इथे! मी इथे आहे!" हिनर्क ओरडला. त्याने पत्र्यावर मुठी मारल्या. पण हात उगारायला जागा नव्हती, छातीत दम नव्हता, आणि भिंतीपलीकडे पंप असा गरजत होता, की त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. पोरांच्या हातून हा पंप बंद पडावा म्हणून तो आठवडाभर टपून होता. आता जिवाच्या आकांताने तो तेच मागत होता. बंद पड गं बाई, आज एकदा बंद पड. पण गाडी त्याच्या हातची होती. ती कशाला बंद पडते?

पावलं दूर गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. संध्याकाळी सॉसेज भाजताना लोक म्हणतील, म्हातारा रुसून घरी गेला असेल. म्हणतीलच. इतकी वर्षं आपण दुसरं काय केलं? त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

आणि पंप थांबला.

"टोम्के! बंद का केलास? मी खूण केली होती का?" फ्राउके किंचाळली.

"गप्प बसा सगळे!" ती एवढीशी पोर त्या बाईवर ओरडली. "एकदम गप्प!"

हिनर्कने होता नव्हता तेवढा जोर टाचेत आणला आणि पत्र्यावर लाथ घातली. मग आणखी एक.

"कोपऱ्यात! पेटीत आहेत, पेटीत!"

कडी निघाली. कितीतरी हातांनी त्याला उचललं आणि बाहेर गवतावर नेऊन बसवलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ चोळली. पाहुणे म्हणून आलेल्या सरपंच ल्युबर्सनी तो नीट श्वास घेईपर्यंत वाट पाहिली आणि मग घसा खाकरला.

"माणूस सापडला. पण पंप मध्येच थांबला. अट तुझीच होती, हिनर्क."

पोरांच्या माना खाली गेल्या. टोम्केचा चेहरा पांढराफटक पडला.

"खड्ड्यात गेली अट," हिनर्क खोकत म्हणाला. "गाडी पोरांची. विषय संपला." मग त्याने टोम्केला हाताने जवळ बोलावलं. "ही सगळी मला माळ्यावर शोधत होती. मी कुठेतरी अडकलोय, हे तुला कसं गं कळलं?"

टोम्के चाचरली. तिने एकदा फ्राउकेकडे पाहिलं.

"सांग. रागावत नाही मी."

"आजोबा, आम्हाला तुम्ही सापडत नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही धडधाकट असता, तर एव्हाना आमची टिंगल करायला बाहेर आला नसतात का?"