सासूबाईंचं हसू

"रिमोट त्यांच्या हाताशीच असू दे हं," सासूबाईंच्या पाठीत दुखणं दाबणारं विजेचं यंत्र बसवलं, तेव्हा दवाखान्यातली टेक्निशियन मला म्हणाली होती. कडेवरच्या लेकीला सावरत मी नुसतं "हो हो" म्हटलं. घरी आल्या आल्या लेकीने तो रिमोट तोंडात घातला, म्हणून मी तो उचलून थेट कपाटावर ठेवला.

पाठदुखी थांबली, पण सासूबाईंचं हसूही थांबलं. लेक समोर नाचून दाखवायची, तरी त्या ओठ घट्ट मिटून मान फिरवायच्या. "नातीचं काडीचं कौतुक नाही तुझ्या आईला," मी नवऱ्याला म्हटलं, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

चार महिन्यांनी तपासणीला गेलो. टेक्निशियन म्हणाली, "आजी, वीज तेवढीच असते, पण खोकलं किंवा हसलं की मज्जारज्जू यंत्राच्या तारेजवळ सरकतो आणि नसांना एकदम जोराचा झटका बसतो. तेवढ्यापुरतं रिमोटने कमी करायचं. करता ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही गं, मी हसणंच कमी केलं. रिमोट खाली ठेवला की पोरगी तोंडात घालते."



तुमच्या घरात कोणी हसेनासं झालं असेल, तर टोमणा मारण्याआधी कारण विचारा. मी नाही विचारलं; तुम्ही तरी आज त्यांच्याजवळ जाऊन बसा.