दाराआडचं पाणी

"दिवसाला किती पाणी पितेस?"

डॉक्टरीणबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या पलंगावर मुलगी भिंतीला टेकून बसली होती. इंजेक्शननं पोटातली कळ थांबली होती आणि तिच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं होतं. काहीच वाटत नव्हतं.

"पिते की."

"काय पितेस! या वयात मूत्रपिंडात खडा उगाच होतो का?" बाई स्टुलावर बसलेल्या बाबांकडे वळल्या. "या पोरींचं हे असंच. वसतिगृहातली स्वच्छतागृहं घाण, तास चालू असताना उठायची लाज. मग पाणीच प्यायचं नाही."

बाबांनी मान हलवली. सकाळी मुलीच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेही बिचाऱ्यांना मोजूनमापूनच मिळायचं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसभरात दोन ग्लास, गोळ्या गिळायच्या त्याही त्यातच.

ती मैत्रीण पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. भली मोठी बाटली सदा काखेत, म्हणून सगळं वसतिगृह तिला टाकी म्हणायचं. टाकीला गप्प बसणं जमत नसे.

"नाही हो डॉक्टर, आमच्या मजल्यावर स्वच्छ असतं. हिचंच काहीतरी वेगळं आहे. ही कुणासमोर पाणी पीतच नाही. अगदीच घसा सुकला तर ग्लास घेऊन दाराआड जाते. दोन घोट घेते, तोंड पुसते आणि बाहेर. आम्ही तर हिला चोर म्हणतो!"

ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

बाबा मुलीकडे बघत राहिले. घरी त्यांच्यासमोर कुणालाच कधी तहान लागत नसे. आई, लेक, दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. ते बाबांना कळे. दार लोटलं की ते हातातलं वर्तमानपत्र उगाच मोठ्यांदा फडफडवत, आतल्यांना निवांत पिता यावं म्हणून. पण हे सगळं उंबऱ्याच्या आतच राहतं, असं ते धरून चालले होते. आपलं दुखणं पोरीच्या सामानाबरोबर इथवर आलं, याची त्यांना लाज वाटली.

"इथं कशाला गं?" त्यांनी हळूच विचारलं. "इथं मी कुठं होतो?"

"सवय लागली," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच उमगलं नाही. त्यांनी ग्लास भरून तिच्या हातात दिला. "हा माझ्यासमोर संपव."

ग्लास तिच्या मांडीवर तसाच राहिला.

"मला तहान नाहीये."

बाबा उठले. तिला निवांत पिता यावं म्हणून बाहेर जायला निघाले, दारापर्यंत गेलेही. मग परत फिरले, तिच्या मांडीवरचा ग्लास उचलला आणि तिच्या ओठांना लावला.

"बाबा, नको ना."

"पी."

ती प्यायली. डोळे मिटून, घटाघटा. तिच्या प्रत्येक घोटाबरोबर बाबांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती.

रिकामा ग्लास त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"अजून भरा," ते म्हणाले.