फोन वाजला नाही

एंटरची कळ दाबली आणि मग मास्तरांच्या लक्षात आलं. कमांड बरोबर होती, खिडकी चुकली होती.

पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एकीतल्या जुन्या नोंदी पुसायच्या होत्या. दुसरीत सगळ्या गोदामांच्या ऑर्डरींचा फोल्डर होता, आणि तोच पुसला गेला. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सचा स्वभावच तसा. 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही, सांगितलं की करून मोकळं.

मास्तर हे टोपणनाव. निम्म्या विभागाला लिनक्स त्यांनीच शिकवलेलं. आताची विभागप्रमुखही त्यांचीच विद्यार्थिनी, अजून त्यांना सर आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. बऱ्याच महिन्यांनी ते कामावर परतले तेव्हा तिनेच त्यांना या खुर्चीपर्यंत आणलं होतं. "तुमचा सर्व्हर तुमची वाट बघतोय, सर," असं म्हणाली होती.

सर्व्हर मोठा खोडकर निघाला. रोज सकाळी काहीतरी बिघडलेलंच. कधी डिस्क भरलेली, कधी एखादा प्रोग्रॅम बंद पडलेला, कधी फाईल उघडायला तयार नाही. मास्तर ते निस्तरायचे आणि तारीख घालून डायरीत लिहायचे. संध्याकाळी दार उघडता उघडता बायको विचारायची, "आज काय बिघडलं होतं?" मग चहा होईपर्यंत मास्तर रंगवून सांगायचे. चार महिन्यांनी निवृत्ती होती. तीन वर्षांत कंपनीचं काम एक मिनिटही अडू दिलं नाही, एवढं एकच वाक्य त्यांना निरोपाच्या दिवशी ऐकायचं होतं.

ते वाक्य आता अकरा वाजून सात मिनिटांनी पुसलं गेलं होतं.

आणि तेही कसल्या सोप्या कामात! नुसती डिस्क भरली होती. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे सकाळी हा किरकोळ बिघाड बघून त्यांना हायसंच वाटलं होतं. बायकोही काळजीत होती. ते आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, त्यांना बघून 'ठेवते' म्हणाली.

आता दहा मिनिटांत गोदामांचे फोन सुरू होणार. मास्तर टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही. ऑफिसच्या चॅटवर कुणाचा तरी चष्मा सापडल्याची चर्चा चालली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार.

साडेअकराला त्यांना राहवेना. त्यांनी स्वतःच मोठ्या गोदामातल्या कारकुनाला फोन लावला आणि काम कसं चाललंय म्हणून विचारलं. तिसरा ट्रक भरतोय, कारकून म्हणाला.

"ऑर्डरींची यादी दिसतेय ना?"

"समोरच आहे की. का हो?"

काही नाही म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. फोल्डर पुन्हा पाहिला. नव्हता. चष्मा पुसून पाहिला. तरी नव्हता. मग नसलेल्या यादीवरून तिसरा ट्रक भरत कसा होता? त्यांचा हात नकळत कानामागच्या टाक्यांच्या वणाकडे गेला. यादी गेली नसेल, तर मग डोकंच गेलं असलं पाहिजे. खरं म्हणजे नोकरीपेक्षा त्यांना याचीच भीती होती.

ते उठले आणि विभागप्रमुखाच्या खोलीत जाऊन जे झालं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. ती पेनाचं टोपण काढत-घालत ऐकत राहिली.

"काही गेलेलं नाही, सर. मी बघते."

"अगं, फोल्डर नाहीये तिथे. आणि गोदामात तो दिसतोय. मला एवढंच सांग, माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, सर." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अगदी ठिकाणावर आहे. आज लवकर घरी जा तुम्ही."

मास्तर जागेवर परतले ते जास्तच गोंधळून. घरी जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी साधी गोष्ट केली. या सर्व्हरवर आजवर कोण कोण येऊन गेलं, ते सर्व्हरलाच विचारलं.

तीन वर्षांची यादी सरसर खाली आली. एवढी गोदामं, एवढी माणसं, आणि यादीत नावं दोनच, गोदामातल्या एकाचंही नाही. रोज सकाळी नऊला त्यांचं. रोज संध्याकाळी सव्वासहाला, ते घरी निघाल्यावर, विभागप्रमुखाचं.

पोरगी आपलं काम रोज तपासून जाते, एवढंच त्यांना वाटलं. बरंही वाटलं. मग तिने इथे टाइप केलेल्या कमांडींची फाईल त्यांनी उघडली आणि शेजारी आपली डायरी ठेवली.

डायरीत बाराला सकाळी डिस्क मोकळी केली होती. फाईलीत अकराला संध्याकाळी डिस्क भरली होती. डायरीत एकोणीसला बंद प्रोग्रॅम चालू केला होता. अठराला संध्याकाळी तो बंद केला होता. मास्तर बोट ठेवून ओळ न् ओळ जुळवत गेले. एकही तारीख चुकली नाही.

शेवटची नोंद मात्र संध्याकाळची नव्हती. ती आज सकाळी पावणेआठची होती. काल संध्याकाळी तिने घातलेला बिघाड काढून टाकलेला, त्याजागी नुसती डिस्क भरलेली, आणि खाली तिने स्वतःसाठी लिहिलेली एक ओळ: 'काकूंचा फोन आला. सर रात्रभर जागे आहेत. अवघड काढलं, आज सोपं ठेवलंय.'