सुटलेलं नाव

“सुटलेलं नाव उचलण्याआधी त्या माणसाला एक फोन करत जा,” बाबा म्हणाले होते. “कुणी उगाच नाव सोडत नाही. काहीतरी झालेलं असतं.”

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. “फोन केला तर तो लगेच भाडं भरून मोकळा होईल, बाबा. मग मी काय, माशा मारू?”

बाबांची सगळी नोकरी वीज कंपनीत गेली. बिल थकलेल्यांचं कनेक्शन तोडायचं काम. पण वायर कापण्याआधी ते दार ठोठावायचे. एकदा असंच ठोठावलं, तर आत एक आजीबाई पडलेल्या सापडल्या. तेव्हापासून बिल थकलं की त्यांना आधी माणसाची काळजी वाटे, मग बिलाची. साहेब चिडायचे. स्वतःचं बिल मात्र ते आलेल्या दिवशीच भरून टाकत. उद्यावर काही ठेवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिचा धंदा असल्या दयामायेवर चालणारा नव्हता. इंटरनेटवरची नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, वर्षाच्या भाड्यानं मिळतात. भाडं थकलं, आठवणीच्या मेलांना उत्तर आलं नाही, की नाव सुटतं. ती टपूनच बसलेली असायची. मांडीवर बाळ, बाळाच्या डोक्यापलीकडे लॅपटॉप. एका हातानं थोपटायचं, दुसऱ्या हातानं नाव पकडायचं. मग त्यावर ‘हे नाव विकणे आहे’ अशी पिवळी पाटी लावायची, खाली आपला फोन नंबर टाकायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

पकडण्याआधी त्या नावावर पूर्वी काय होतं, ते ती उघडून बघायची. जुगारबिगार निघाला तर नाव बाद. एकदाच तेवढं बघितलं नाही. त्या दिवशी बाळ तापानं फणफणलं होतं, आणि नाव असं होतं की थांबली असती तर दुसऱ्या कुणी झडप घातली असती. ‘आमची चिमणी’.

“लहानपणी तुलाही चिमणीच म्हणायचे ना?” नवऱ्यानं विचारलं.

“घरोघरी म्हणतात. म्हणूनच तर विकलं जाईल.”

आणि झालंही तसंच. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका कंपनीनं पाटी बघून फोन केला. बोलणी लांबली, पण तुटली नाहीत. आजवर तिनं फुटकळ नावं विकली होती. नातेवाइकांत तिच्या कामाला कुणी काम म्हणत नसे. ‘मोबाइलवर काहीतरी करते’ म्हणत. हा सौदा झाला की बाबांना तरी छातीठोकपणे सांगता येणार होतं.

बाबांचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. “तुम्हा दोघींसाठी एक गंमत करून ठेवलीय. कधी येताय?”

“येते हो. बाळाला जरा बरं वाटू दे.”

पुढे पुढे ते बाळालाच चिमणी म्हणू लागले. “चिमणी चालायला लागली का?” तिला गोड वाटलं. एकाच फोनवर त्यांनी ते दोनदा विचारलं. तिचे डोळे पडद्यावर होते. तिनंही दोनदा उत्तर दिलं.

शेजारच्या काकूंचा एकदा फोन आला. “तुझे बाबा हल्ली दोन-दोन वेळा दूध घेऊन येतात गं. एवढ्या चहाला कोण येतं, विचार तरी!” दोघी हसल्या.

मग रविवारचे फोन बंद पडले. रुसले असतील, ती म्हणाली. बाबा रुसले की अहो-जाहोवर यायचे. “बरं बाई, तुम्ही पडलात कामाची माणसं.” असा रुसवा फोनवर निघायचा नाही. त्याला समोरच जाऊन बसावं लागायचं.

आणि काळजी तर तिच्या अंगातच होती. बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. घास गिळला का, पाय गार पडलेत का, खिडकीची कडी लागली का. नवरा चिडवायचा, “तुझ्या पहाऱ्यातून मुंगी निसटायची नाही.”

कंपनीनं होकार कळवला. कागद सोमवारी होणार होते. तिनं बाळाला उचललं आणि थेट बाबांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. बाबा टेबलापाशी कॉम्प्युटरसमोर बसले होते. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एक घर सोडून लावलेली. ते वळले, खुर्चीतून अर्धवट उठले.

“या, या. बसा.”

अहो-जाहो! म्हणजे रुसवा पक्का होता. ती हसली. “चुकलं माझं. किती दिवसांत आले नाही. आता चांगले चार दिवस राहणार आहे, मग तर झालं?” तिनं बाळाला खाली सोडलं. बाळ तुरुतुरु जाऊन त्यांच्या गुडघ्याला बिलगलं.

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “गोड आहे हो. नाव काय हिचं?”

“पुरे ना आता, बाबा!”

ते पुन्हा पडद्याकडे वळले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर पिवळी पाटी उमटली. खाली तिचा फोन नंबर.

तिनं खुर्चीची पाठ धरली.

“बरं झालं आलात, बाई,” बाबा आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्हाला यातलं काही कळतं का? माझ्या मुलीचे लहानपणचे फोटो लावले होते मी इथं. कुणीतरी तिचं नावच विकायला काढलंय. ती यायच्या आत परत मिळेल का हो?”