हलकी गाडी

गुरुशांतनं सवयीनं स्टिअरिंगला हात घातला, जोर लावला, आणि गाडी आठचा आकडा सोडून सरळ मैदानाच्या कडेच्या बाभळीकडे निघाली. त्यानं आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला. झाड चार हात राहिलं.

चूक त्याची होती, शिकणारीची नव्हती. तीस वर्षं तो डाव्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत आला. वळणावर शिकणाऱ्याचे हात अडले की आपला हात घालायचा आणि चाक ओढून द्यायचं, ही त्याची रीत. जुन्या गाडीला ते लागायचं. ती उभ्या जागी वळवायची तर खांद्यातनं जोर काढावा लागायचा. ही नवी गाडी आणून आठ दिवस झाले होते. हिच्या स्टिअरिंगला मोटर होती, जोर ती लावायची. त्याच्या हाताला ते अजून ठाऊक नव्हतं.

“सर, तुम्ही हात काढा की,” गोदावरीबाई म्हणाल्या. “माझं मला जमतंय.”

जमत होतंच. गोदावरीबाई शाळेतनं रिटायर झालेल्या, साठी ओलांडलेली, मनगटं काडीसारखी. दोन वर्षांपूर्वी त्या याच क्लासात त्याच्या बायकोकडे, दाक्षायणीकडे, शिकत होत्या. बायकांना दाक्षायणी शिकवायची, पुरुषांना गुरुशांत. मग दाक्षायणीचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजवा हात खांद्यापासून सुजला, आणि बायकांची बॅच बंद पडली. या श्रावणात तिला जाऊन वर्ष झालं.

गोदावरीबाईंनी गाडी मागं घेतली आणि पुन्हा आठ धरला. स्टिअरिंगच्या मधोमध गाडीच्या पूजेच्या दिवशी ओढलेले विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. बाई वळल्या की पट्टे फिरायचे, बाई सरळ झाल्या की पट्टेही सरळ व्हायचे.

सात रस्त्याच्या स्टँडवर या स्टिअरिंगवरून ड्रायव्हर लोकांचा रोज वाद चालायचा. ईरप्पा म्हणायचा, माझे खांदे दुखायचे थांबले, मला देव भेटला. बसू म्हणायचा, वायरीच्या भरवशावर घाट कोण उतरणार. गुरुशांत बसूच्या बाजूचा. सांगोल्याच्या रस्त्यावर टायरमधली हवा जरा कमी झाली तरी ते त्याच्या तळव्याला आधी कळायचं. खडी, वाळू, ओलं डांबर, सगळं हातात यायचं. ही गाडी मुकी होती. जुन्या गाडीवर शिकायला आता कुणी येत नाही म्हणून घेतली, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा.

ऑपरेशननंतर एकदा दोघं शोरूमला गेले होते. सेल्समननं गाडी चालू करून दिली. दाक्षायणीनं सुजलेल्या हातानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि हसली. तो म्हणाला, हे खेळणं हाय, हाताला रस्ता कळत न्हाय. ती उतरली. घरी येताना म्हणाली, राहू दे, मला तरी आता कुठं शिकवायचंय. तिचंही मत आपल्यासारखंच पडलं, असं त्यानं धरलं. ती गेल्यावरही तेच धरून होता.

आठ पुरा झाला. गोदावरीबाईंनी हँडब्रेक ओढला आणि चष्मा काढून पदराला पुसला.

“मॅडम म्हणाल्या होत्या तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “एका बोटावर फिरतं.”

“कवा म्हणाली?”

“आजारी होत्या तेव्हा. आम्ही चौघी भेटायला आलो होतो. तुम्ही औषधं आणायला बाहेर गेला होता. आम्ही म्हटलं, मॅडम, आता दुसरा क्लास बघतो. तर म्हणाल्या, बघू नका. हलकी गाडी येणार आहे आमच्याकडं. ह्यांना जरा वेळ लागतो, पण घेतील. आली की मीच तुम्हाला फोन करते.”

इंजिन चालू होतं, पण त्याचा आवाज फारसा येत नव्हता.

गुरुशांतनं विचारलं, बाकीच्या तिघी कुठं शिकल्या.

“कुठं शिकल्यात? थांबल्यात की. मीसुद्धा परवा ही गाडी रस्त्यावर बघितली म्हणून आले.”

त्यांनी आणखी एक आठ काढू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, काढा. या वेळी त्यानं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. प्रत्येक वळणाला तो हात हलायचा. बाईंनी आठ सफाईदार काढला आणि गाडी होती त्या जागी आणून उभी केली.

बाईंचं घर मैदानाच्या मागंच होतं. पर्स घेऊन त्या उतरल्या तेव्हा त्यानं काच खाली घेतली.

“बाई, त्या तिघींना फोन करा. गाडी आली म्हणून सांगा.”

“तुम्हीच करा की सर. नंबर देते.”

“माझा फोन नको,” तो म्हणाला. “मॅडमचा निरोप हाय म्हणा.”

गोदावरीबाईंनी मान डोलावली आणि पदर सावरत गेल्या.

ड्रायव्हरची सीट रिकामी झाली, इंजिन चालूच होतं. गुरुशांत तिकडे सरकला नाही, डावीकडेच बसून राहिला. मग त्यानं हात लांब करून एक बोट स्टिअरिंगला लावलं. पुढची चाकं मातीत वळल्याचा आवाज आला, हाताला काहीच लागलं नाही. विभूतीचे आडवे पट्टे उभे झाले आणि तसेच राहिले.