साहेबांचे दोन वाटे

नव्या अणुभट्टीजवळची मासळी खाल्ली की कॅन्सर होतो, अशी कुजबुज एकोणसत्तर साली आमच्या वसाहतीत होती. म्हणून दांडी गावची जमनी कोळीण पाटी घेऊन दारात आली, तेव्हा शेजारच्या सुगंधाने एकेक बोंबील उलटासुलटा करून हुंगला.

"संशय कशाला, बाय? भट्टीचा सायेब दर सोमवारी माज्याकडूनच दोन वाटे नेतो. साफपण करू देत नाय, तसेच बरणीत घालून वर तारखेची चिठ्ठी लावतो! तो खातो, मग तुमाला काय धाड भरलीय?"

सुगंधाला पटलं. दुपारी तिने कालवण केलं आणि साहेबांची जीप चालवणाऱ्या नवऱ्याला वाढताना जमनीचं बोलणं सांगितलं.

रामकिसनचा घास हातातच राहिला.

 

"आमचे साहेब? अगं, ते कांदासुद्धा खात नाहीत."